दाराशी खडे रचणारी: जतच्या माळावर सहा दिवस

पहिला दिवस

भाऊबीज उरकली आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच निघालो. हे दिवस मुद्दाम अंधाराचे निवडले होते. उजेडाच्या रात्री रानउंदीर बिळाबाहेर फारसे पडत नाहीत. पडले तरी झुडपाच्या सावलीतून हलत नाहीत, कारण वर घुबड असतं. तृतीयेची कोर दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात मावळते. पुढचे काही दिवस रात्रीचा मोठा भाग काळोखाचाच मिळणार होता.

आम्ही तिघं होतो. ज्यांच्या हाताखाली मी प्राणिशास्त्र शिकले ते सर, आता निवृत्त, मी, आणि एम.एस्सी.ला असलेला आमचा एक विद्यार्थी. मिरजेहून जतच्या एसटीत चढताना दोन पोती टपावर टाकायला कंडक्टर तयार नव्हता. पोत्यांत साठ शर्मन सापळे होते. पत्र्याच्या घडीच्या पेट्या, आत पाय पडला की दार मिटतं, प्राण्याला इजा होत नाही. पोती शेवटी आमच्या पायांशीच आली.

कवठेमहांकाळ मागे पडलं की जमिनीचा रंग बदलायला लागतो. काळी माती विरळ होते आणि मुरूम वर येतो. जिथं म्हैसाळ योजनेचं पाणी पोचलंय तिथं द्राक्षं आणि डाळिंब, जिथं पोचलं नाही तिथं कुसळाचा माळ आणि मेंढरं. जतहून पुढे माडग्याळकडे गेलो. इथल्या मेंढीला या गावाचंच नाव आहे. बाकदार नाकाची, उंच, पांढऱ्या अंगावर तांबडे ठिपके असलेली माडग्याळ मेंढी बाजारात लांबूनही ओळखू येते.

ज्यांच्या वस्तीवर उतरायचं होतं ते तात्या रस्त्यावरच उभे होते. सरांची आणि त्यांची जुनी ओळख. विद्यार्थ्याकडे बघून म्हणाले, "ह्यो बारक्या कोन?" तेव्हापासून सहा दिवस तो बारक्याच झाला. काकूंनी चहा ठेवला आणि विचारलं, "दिवाळीचं घरदार सोडून उंदरं बगाया आलासा व्हय?" मी होय म्हटलं. त्या हसल्या नाहीत. "आमच्या कनगीतलं बगा मग, लई हाईत," म्हणाल्या.

आम्हाला कनगीतला उंदीर नको होता. आम्हाला हवा होता माळावरचा, दाराशी खडे रचणारा. शास्त्रीय नाव मस प्लॅटिथ्रिक्स, म्हणजे चपट्या केसांचा उंदीर. १८३२ साली बेनेटनं त्याचं वर्णन केलं ते दख्खनमधल्या नमुन्यावरूनच. त्याच्या अंगावर मऊ लव नसते, चपटे, पन्हाळीसारखे कडक केस असतात. शेपटाकडून डोक्याकडे बोट फिरवलं तर टोचतात. जतच्या पूर्व भागात कानडी बोलतात, तिथं त्याला कल्ल इली म्हणतात. कल्लु म्हणजे दगड, इली म्हणजे उंदीर.

ऊन उतरल्यावर तात्यांच्या मागोमाग माळावर गेलो. पहिला तास मला एकही बीळ दिसलं नाही. दिसत होते नुसते खडे, आणि माळावर खड्यांना काय तोटा? मग तात्यांनी काठीचं टोक एका उतारावर टेकवलं. बांधाच्या अंगाला, बोराटीच्या मुळाशी, तळहाताएवढ्या जागेत एकाच मापाचे खडे होते. तुरीच्या दाण्याएवढे, एखादा हरभऱ्याएवढा. आजूबाजूला लहानमोठे सगळे मिसळलेले, इथं मात्र निवडून, पाखडून आणल्यासारखे. एकदा डोळ्याला ते माप कळलं आणि मग माळ वाचता यायला लागला. अंधार पडेपर्यंत एकेचाळीस दारं सापडली.

दोनशे वर्षांपूर्वी या दारांकडे असंच कुणी वाकून बघितलं होतं. वॉल्टर इलियट नावाचा कंपनी सरकारचा अधिकारी धारवाडला होता. १८२४ साली कित्तूरच्या लढाईत राणी चेन्नम्मांच्या लोकांनी ज्या इंग्रज अधिकाऱ्यांना ओलीस धरलं त्यांतला हा एक. पुढे १८३९ मध्ये त्यानं दक्षिण मराठा प्रदेशातल्या सस्तन प्राण्यांची सूची छापली. त्यात हा उंदीर आहे. तांबड्या खडकाळ जमिनीत बांधाच्या कडेला बीळ करतो. आत असला की तोंड खड्यांनी बुजवतो. आतल्या खोलीतही खड्यांचं अंथरूण असतं आणि त्यावर तो बसतो, असं इलियटनं लिहिलंय. ही माहिती त्याला कुणी दिली असेल याचा मागही नावात उरला आहे. या उंदरांना तेव्हा शास्त्रात लेग्गडा म्हणत, ते वडारी बोलीतल्या नावावरून. बीळ खोदून दाखवणारे हात वडारांचे होते.

रात्री आठपर्यंत साठही सापळे लावले. आमिष म्हणजे शेंगदाण्याचं कूट आणि गूळ मळलेला भाकरीचा तुकडा. शिवाय प्रत्येक पेटीत कापसाचा बोळा, कारण नोव्हेंबरात पहाटे पत्रा गार पडतो.

दुसरा दिवस

पहाटे पाचला निघालो. साठांतले नऊ सापळे मिटलेले होते. तीन रिकामे, त्यांत मुंगळ्यांनी भाकरी संपवली होती. शाळवाच्या बांधावर पाच मस बूडुगा मिळाले. हा शेतातला अगदी चिमुकला उंदीर, पाठ तपकिरी, पोट पांढरं, शेपूट जवळजवळ अंगाएवढं. यालाही शास्त्रात नाव मिळालं ते १८३७ साली, दक्षिण मराठा प्रदेशातल्याच नमुन्यावरून. आणि नववा, माळाच्या खडकाळ अंगाला लावलेल्या सत्तावीस नंबरच्या सापळ्यात, आमचा खडेवाला. नर.

उंदीर हातात घ्यायची एक रीत आहे. सापळ्याच्या तोंडाला कापडी पिशवी लावायची, पेटी उलटी करायची, पिशवीचा कोपरा धरून तो आत आला की बाहेरूनच मान चिमटीत पकडायची. मग वजन, डोक्यापासून गुदद्वारापर्यंतची लांबी, शेपूट, मागचा पंजा, कान. मादी असेल तर स्तन बघायचे, पोट हलक्या बोटानं चाचपायचं. पोटात पिल्लं असली तर मण्यांच्या माळेसारखी लागतात. शेवटी मांडीवरचे थोडे केस ठरलेल्या जागी कातरायचे, म्हणजे पुन्हा सापडला तर ओळखता येतो, आणि ज्या जागी पकडला त्याच जागी सोडायचा. दहा पावलंसुद्धा इकडेतिकडे नाही. त्याचं सगळं जग त्याच शंभरेक पावलांत असतं.

बूडुगा नऊ ग्रॅमचा भरला, म्हणजे दोन पाच-रुपयांच्या नाण्यांहूनही हलका. खडेवाला बावीस ग्रॅमचा. त्याचा एक चुलतभाऊ मस सॅक्सिकोला दिसायला फार जवळचा आहे, म्हणून सरांनी केसांचा पुंजका डबीत बंद केला. नक्की ओळख प्रयोगशाळेतच होणार होती. तोवर वहीत नावापुढे प्रश्नचिन्ह.

सर बोलता बोलता म्हणाले, "मूस, मूष, मूषक. लॅटिन आणि संस्कृत दोघींनी एकच शब्द सांभाळलाय." खरंच, मस हे शास्त्रीय नाव आपल्या मूषकाचंच भावंड आहे. आणि तरीही या भावंडांत केवढी तफावत! घरउंदराच्या वंशातून प्रयोगशाळेतला पांढरा उंदीर आला. त्याचा जनुकसंच २००२ सालीच प्रसिद्ध झाला. त्याची मादी एकोणीस ते एकवीस दिवस गाभण असते, व्याल्यावर चोवीस तासांत पुन्हा गाभण राहू शकते, पिल्लांचे डोळे दोन आठवड्यांनी उघडतात, तिसऱ्या आठवड्यात दूध सुटतं, सहा-आठ आठवड्यांत ती स्वतः वीण करायला तयार होतात. हे सगळं कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळतं. पण पिंजऱ्यात, बारा तास उजेड आणि बारा तास अंधार, पुढ्यात कायम दाणा असलेल्या उंदराचं हे वेळापत्रक आहे. माळावरच्या मादीला पाऊस बघावा लागतो, गवताला बी आलंय का ते बघावं लागतं, धामणीचा वास घ्यावा लागतो. तिचं बाळंतपण तिच्याच जमिनीवर समजून घ्यायचं, एवढ्यासाठीच आम्ही आलो होतो.

तिसरा दिवस

पहाटे अकरा सापळे मिटलेले. त्यांतल्या चाळीस नंबरमध्ये खडेवाली मादी होती. पिशवीतून पोट बघितलं आणि मी बारक्याला म्हटलं, मोजपट्टी ठेव. तिचे स्तन भरलेले होते, भोवतीचे केस झडलेले. म्हणजे पिल्लं अंगावर पीत होती. रात्रभर ती पेटीत अडकलेली आणि तिकडे कुठेतरी उघडीबोडकी पिल्लं थंडीत. अशा मादीचं काही मोजायचं नाही, लगेच सोडायची, हा आमचा नियम. एकच गोष्ट केली. पिशवीत चिमूटभर चमकती पूड टाकून तिला अर्धा मिनिट हलकेच घोळवलं आणि चाळीस नंबरपाशी सोडली. गुलाबी पाठ घेऊन ती दगडाआड गेली. अतिनील टॉर्चच्या उजेडात ही पूड पेटते. ती जिथून जाईल तिथं गवताला, दगडाला थोडी थोडी लागत जाते.

दिवसभर माझं लक्ष लागत नव्हतं. पहाट व्हायच्या आत ती पोचली असेल का?

रात्री आठला टॉर्च घेऊन निघालो. बटण दाबल्यावर आधी दिसले ते विंचू. अतिनील उजेडात विंचवाचं अंग हिरवट निळं चमकतं. दिवसा आम्ही ज्या दगडांवर बसून भाकरी खाल्ली होती त्यांच्या कडेकडेनं सात-आठ विंचू थांबलेले होते. बारक्यानं पाय उचलला तो बराच वेळ खाली ठेवला नाही. मग चाळीस नंबरपाशी गुलाबी ठिपका सापडला. त्यापुढे वीतभर अंतरावर दुसरा. दोघं ओणवे होऊन मागोमाग जायचे आणि तिसऱ्यानं मागच्या ठिपक्यावर उभं राहायचं, म्हणजे वाट चुकली तर परत येता येतं.

ती सरळ गेलीच नव्हती. आधी कुसळाच्या गड्ड्याखालून, मग एका सपाट दगडाच्या खालून. उघड्यावर ती कुठेही दोन वितींपेक्षा जास्त चालली नव्हती. एका करवंदीखाली पूड जास्त सांडलेली होती आणि तिथं गवताच्या बियांची फोलपटं पडली होती. रात्रभर अडकलेली, पिल्लं वाट बघतायत, आणि तरी ती वाटेत थांबून खाऊन गेली. पहिल्यांदा मला ते खटकलं. मग वाटलं, दूध कुठून यायचं?

तिची वाट तीन दारांजवळून गेली. एकाही दारात ती वळली नाही. पूड दारापासून हातभर लांबूनच निघून गेलेली. या दारांचे धनी वेगळे असावेत आणि तिला ते ठाऊक असावं. नंतर बांध आला, ती बांधावर चढली, पलीकडे उतरली. आणि बोराटीच्या मुळाशी गुलाबी खडे चमकले. सात-आठ खड्यांना पूड लागली होती. दार आतून बंद होतं.

ते दार पहिल्याच दिवशी आम्ही बघितलं होतं. वहीत त्यापुढे मीच लिहिलं होतं: जुनं, रिकामं.

चाळीस नंबरपासून तिथपर्यंत सरांनी दोरी धरली. सरळ रेषेत एकतीस मीटर. तिच्या वाटेनं चौसष्ट. परतताना कुणी बोललं नाही. वस्तीवर काकूंनी जेवण झाकून ठेवलं होतं: बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, कांदा. मला अजून त्या माडग्याची चव आठवते.

चौथा दिवस

वारं सुटलं. चारच सापळे मिटले, चारही बूडुगा, त्यांतला एक कालचाच, कातरलेल्या मांडीचा.

दुपारी तात्या एका आजोबांना घेऊन आले. वडार समाजातले, वय पंच्याहत्तरच्या पुढचं, सगळा जन्म दगड फोडण्यात आणि विहिरी खणण्यात गेलेला. लहानपणी सुगीनंतर त्यांची माणसं शेतांतली घुशीची बिळं खोदायची. आत साठवलेली कणसं मिळायची, घूसही मिळायची. इलियटनंही हेच नोंदवलंय, की सुगीत वडार लोक घुशींनी साठवलेल्या धान्यावर कित्येक दिवस काढायचे. सूचीत ते एका ओळीत येतं. आजोबांच्या तोंडून ऐकताना ती ओळ राहिली नाही. "भूक व्हती बाई," एवढंच ते म्हणाले, आणि थोडा वेळ गप्प बसले.

मी त्यांना तिच्या दारापाशी नेलं आणि मला ते रिकामं का वाटलं ते विचारलं. त्यांनी एक खडा उचलून उलटा केला. खालची बाजू ओलसर, मातीचा कण चिकटलेला. "ह्यो काल-परवा हलवलाय. जुना खडा खाल्लाकडनं बी कोरडा आसतो. आन घर रिकामं आसलं की कोळी जाळं घालतोय, मुंगी बी इती." मी सगळे खडे वरून बघितले होते. उलटून एकही बघितला नव्हता.

मग त्यांनी तात्यांकडून चुलीतली राख मागवली, चाळली आणि दारासमोर हातभर जागेत पातळ पसरली. रात्री कोण आलं, कोण गेलं ते सकाळी राखेत वाचायचं. सरांनी लगेच वहीत लिहून घेतलं. आमच्या पुस्तकांत यासाठी काजळी लावलेल्या पट्ट्या सांगितल्या आहेत. राख कधीही बरी.

तात्या म्हणाले, "कुदळ आनू का? खोदून बगू की किती पिल्लं हाईत." सरांनी नको म्हटलं. आजोबांनीही मान हलवली. खोदलं तर पिल्लांचा आकडा मिळतो, एकदाच. त्यानंतर त्या बिळाचं काही कळत नाही, कारण ते बीळ उरत नाही. जुनी सगळी माहिती अशी खोदूनच मिळाली आहे आणि तिची किंमत मी नाकारत नाही. पण आई पिल्लांना कितीदा पाजते, किती वेळ एकटं ठेवते, दार कधी लावते, हे खोदून कळत नाही. आम्ही तिथं अंगाची ऊब हेरून अंधारातही चित्र टिपणारा छोटा कॅमेरा लावला आणि लांब झालो.

जाता जाता पडक्या विहिरीतल्या कपारीखालून गव्हाणी घुबडाच्या गुटख्या गोळा केल्या. घुबड न पचलेली हाडं आणि केस गोळा करून ओकतं, त्या या. एका गुटखीत चार उंदरांचे जबडे निघाले. एका रात्रीची शिकार.

पाचवा दिवस

हा दिवस लिहायला जड जातोय, पण लिहिते.

चौतीस नंबरचा सापळा मी लावला होता. पहाटे उघडला तर आत बूडुगाची मादी मेलेली होती, आखडून एका कोपऱ्यात. पेटीत कापूस नव्हता. आदल्या संध्याकाळी वाऱ्यात बोळा उडून गेला असेल असं मी आधी म्हटलं, पण मला माहीत होतं की मी तो घातलाच नव्हता. अंधार पडत होता, कॅमेऱ्याकडे जायची घाई होती, आणि शेवटचे चार सापळे मी भराभर लावले होते. बाकी तिघांत नशिबानं कुणी शिरलं नव्हतं. आठ ग्रॅमचा जीव. एवढ्या लहान अंगातली ऊब पत्र्याला किती वेळ पुरणार? सर रागावले नाहीत. त्यांनी वहीत तारीख, नंबर आणि कारण लिहायला सांगितलं, आणि कारण स्पष्ट शब्दांत लिही म्हणाले. मी लिहिलं: कापूस घातला नाही, माझी चूक. त्यानंतर उरलेले सापळे बारक्या आणि मी जोडीनं तपासले. एकानं घालायचा, दुसऱ्यानं बोट घालून बघायचं.

दुपारी कॅमेऱ्यातली चित्रं बघितली. तिघंही खाटेवर, वर तात्या आणि काकू वाकलेल्या.

सात वाजून दहा मिनिटांनी एक खडा हलतो. नंतर बराच वेळ काहीच नाही. मग तो खडा बाहेर ढकलला जातो, मागून नाक, मिशा. ती लगेच बाहेर येत नाही. निम्मं अंग आत ठेवून जवळजवळ चार मिनिटं तशीच थांबते. मग एकदम जाते. पावणेनऊला परत येते, तोंडात खडा. बाहेरून आणलेला नवा खडा. तो दाराशी ठेवते, आत शिरते, आणि आतून दार लावायला लागते. पुढचे दोन पंजे आणि तोंड यांनी एकेक खडा ओढून घेते. अकरा खडे, सव्वाचार मिनिटं. शेवटच्या खड्याला जागा होत नाही. ती तो आत घेते, फिरवते, दुसऱ्या अंगानं बसवते. काकू म्हणाल्या, "आगं बया, चुलीचं तोंड लिपावं तशी लिपाय लागलीया."

रात्रीतून ती चारदा बाहेर पडली. दर वेळी परतल्यावर दार लावलं. सगळ्यांत लांब फेरी दीड तासाची.

हे खडे कशासाठी, यावर मतं पुष्कळ आहेत. सापाला आडकाठी म्हणून, आतली ओल आणि गारवा टिकावा म्हणून, पहाटे खड्यांवर दव जमतं ते चाटायला म्हणून. ऑस्ट्रेलियात पिलबारा भागात स्यूडोमिस चॅपमनी नावाचा उंदीर खड्यांचे मोठे ढीगच रचतो. त्याचं आणि आपल्या उंदराचं गोत्र फार लांबचं, तरी दोघांनी खडाच उचलला. हंगेरीच्या शेतांत मस स्पिसिलेगस दाण्यांच्या साठ्यावर मातीचा उंचवटा करतो आणि त्याखाली तरणी पोरं एकत्र हिवाळा काढतात. आमच्या मादीच्या एका रात्रीवरून मी काहीच ठरवणार नाही. पण एक गोष्ट डोळ्यांनी बघितली: बाहेर जाताना तिनं दार तसंच उघडं टाकलं, आणि पिल्लांपाशी असताना मात्र एकदाही उघडं ठेवलं नाही. साप अडवायला दार असतं तर उलट व्हायला हवं होतं असं बारक्या म्हणाला. सर म्हणाले, कदाचित पाजताना आतली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून असेल. यावर रात्री जेवणं होईपर्यंत वाद चालला. मला बारक्याचा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो.

राखेत तिच्या पावलांखेरीज एक सरपटलेली रेघ होती. दारापाशी येऊन परत फिरलेली. लांबीवरून बारकं जनावर, फुरसं असावं. कॅमेऱ्यात ते आलं नव्हतं, उंदराएवढी ऊब त्याच्या अंगाला नसते म्हणून.

सहावा दिवस

उठलो ते आवाजानं. ओढ्यापलीकडच्या माळात जेसीबी चालू होता. तिथं आमची सात दारं नोंदलेली होती. सापळे गोळा करायच्या आधी आम्ही तिकडे गेलो. अर्धा बांध सपाट झालेला, बोराट्या मुळासकट एका बाजूला, मुरूम उलटापालटा. तुरीच्या दाण्याएवढे खडे सगळीकडे पसरले होते आणि आता त्यांत आणि इतर खड्यांत काही फरक उरला नव्हता. मालक तरुण होता, जमीन दाखवत म्हणाला, पुढच्या वर्षी डाळिंब लावणार. त्याच्या आईनं पंधरा वर्षं टँकरच्या पाण्यावर घर चालवलंय. त्याच्या डाळिंबाला विरोध करायला माझी जीभ वळत नाही आणि वळूही नये. तरी सात दारं गेली, हे मला वहीत लिहावंच लागलं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात उंदीर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होते. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच गेली. पण कायद्यात कुठे का असेना, मुरमाचा बांध गेला की हा उंदीर जातो. बूडुगा शेतात निभावून नेतो. याला खडकाळ उतारच लागतो.

मी तात्यांना विचारलं, तुमचा बांध? त्यांनी जरा वेळ घेतला. "आमचा बी काढायचा हाय की. पानी आलं तर." मग विचारलं, "त्या पोरांस्नी भाईर पडाया किती दिस लागत्यात?" मी म्हटलं, नक्की सांगता येत नाही, घरउंदराचं बघितलं तर तीन आठवडे धरा. "मग शाळू कोळपून होईस्तवर ऱ्हाऊ द्या," म्हणाले.

सापळे धुतले, उन्हात वाळवले, घड्या घातल्या. कॅमेरा काढला. तोलायला नेलेले तिचे पाच खडे मी परत नेऊन दाराशी ठेवले. सगळ्यांत जड दीड ग्रॅमचा होता. काकूंनी पिशवीत शेंगा आणि बाजरीच्या भाकरी बांधून दिल्या. तात्यांनी चाळलेल्या राखेचा डबा बोराटीच्या बुंध्याशी ठेवून दिला होता, तो मी एसटीत बसेपर्यंत विसरले होते.

विसाव्या दिवशी त्यांचा फोन आला. म्हणाले, दोन दिवस झाले दार उघडं आहे, रात्री लावलेलं नाही. माझ्या पोटात गोळा आला. सरपटलेलं काही दिसतंय का, मी विचारलं.

"न्हाई. म्या रोज राख टाकतुया. बारकी बारकी पावलं हाईत बगा. लई हाईत. मोजाया येईनात."

कुठल्या दिशेनं गेलीत, विचारलं.

"सगळीकडं," तात्या म्हणाले.